समुद्र नसलेल्या गावातले शिंपले

भोपाळला समुद्र नाही. शंख-शिंपले म्हणजे मामाने मालवणहून आणायची वस्तू, असंच लहानपणी मी धरून चालले होते. आणलेले शिंपले काचेच्या कपाटात जायचे नि तिथेच धूळ खायचे. रोजच्या वापरात होती ती एकच गोष्ट, आजीची तुळजापूरची कवड्यांची माळ. मंगळवारी ती गळ्यात घालून आजी ओळखीच्या पाच मराठी घरी जोगवा मागायची.

मानव संग्रहालय 1979 मध्ये दिल्लीहून भोपाळला आलं नि श्यामला हिल्सवर वाढत गेलं. कॉलेजात असताना तिथे बस्तरच्या माडियांचा शिंगांचा मुकुट पाहिला. चेहऱ्यावर उतरणाऱ्या कवड्यांच्या सरी! बस्तरला तरी कुठे समुद्र आहे? मालदीवच्या कवड्या जहाजांनी किनाऱ्याला लागायच्या आणि चलन म्हणून हातोहात फिरत पार जंगलापर्यंत पोचायच्या.

आपल्या पायाखालचे शिंपले मात्र मला दिसले ते 2009 च्या उन्हाळ्यात. भोजराजाचा बडा तालाब त्या वर्षी फार आटला होता. भेगाळलेल्या गाळात शिंपलेच शिंपले, बाहेरून चिखलाच्याच रंगाचे. एक अंगठ्याने पुसला, तर आत निळसर मोतिया झाक. पहिल्या दिवशी हावरेपणाने मिटलेलेही चार उचलले. ते जिवंत होते, हे दुसऱ्या दिवशी बादलीला वास सुटल्यावर कळलं. त्याची रुखरुख अजून आहे. पाणी गाळून जगणारा हा जीव, आणि त्याच तलावाचं पाणी आपण पितो. तेव्हापासून रिकामा, उघडा शिंपला असेल तरच हात लावते.

लघुचित्रांचे चितारी शिंपल्यात रंग कालवत, म्हणून मीही कालवून पाहिला. गुळगुळीत अस्तर रंग पीत नाही. शेवटचा थेंबही तळाशी ओघळून येतो. वाळलेला रंग ओल्या कुंचल्याने पुन्हा उठतो. बाहेरून मात्र खोबरेल तेलाचं बोट फिरवावं लागतं, नाहीतर साल वाळून पापुद्रे सुटतात. आता रविवारी गल्लीतली मुलं माझ्याकडे चित्रं काढायला येतात, तेव्हा प्रत्येकापुढे दोन-तीन शिंपले असतात. मालवणचं कपाट मी केव्हाच रिकामं केलं.

गेल्या नवरात्रात आजीच्या माळेचा दोरा तुटला. ओवायला बसले नि कवडी उलटी केली. पाठ काढून टाकलेली, दोरा जाण्यापुरती, अगदी त्या मुकुटातल्या कवड्यांसारखी. नव्या दोऱ्याला मेण लावलं आणि पहिली कवडी ओवली.