वासन-संस्कार आणि मोगऱ्याची भूमी

भावप्रकाशाच्या पुष्पवर्गात वर्णिलेली मल्लिका म्हणजे आपला मोगरा. ही वनस्पती भारताच्या बाजूने चीनमध्ये गेली व तिचे ‘मोली’ हे चिनी नावही ‘मल्लिका’वरूनच आले, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडे ती पूजेत व गजऱ्यात राहिली. फुजियान प्रांताची राजधानी फुझौ येथे मात्र ती चहाची सहचरी झाली.

फुझौ हे मिन नदीकाठचे, डोंगरांनी वेढलेले शहर. उतारांवर चहा आणि नदीच्या गाळाच्या जमिनीत मोगरा, ही तेथील परंपरागत रचना. उन्हाळ्यात दुपारी टपोऱ्या, न उमललेल्या कळ्या खुडतात. रात्री त्या उमलू लागल्या की वाळलेल्या चहापत्तीत मिसळतात. पत्ती रात्रभर सुगंध शोषते. पुढे फुले चाळून काढतात, पत्तीतील ओलावा उष्णतेने घालवतात आणि ताज्या फुलांसह हाच विधी पुन्हा करतात. उत्तम प्रतीसाठी अनेक वेळा.

चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘करण’ म्हणजे संस्कार सांगताना देश, काल, वासन व भावना यांचा एकत्र उल्लेख येतो. फुझौचा चहा हे वासनाचे जिवंत उदाहरण होय. त्यात देश व काल किती अपरिहार्य आहेत, हेही येथे स्पष्ट होते. दुपारची कळी त्याच रात्री पत्तीपर्यंत पोहोचली पाहिजे. म्हणून मळा कारखान्याजवळच हवा. नेमकी हीच शहरालगतची सपाट जमीन वाढत्या वस्तीला प्रथम हवी असते.

मोगरा हे १९८५ पासून फुझौचे नगरपुष्प आहे. तरीही १९९० च्या दशकापासून इमारती, रस्ते व उद्योग यांनी नदीकाठचे मळे गिळले आणि या व्यवसायाचे केंद्र ग्वांग्शी स्वायत्त प्रदेशातील हंगशिएन (२०२१ पासून हंगझौ शहर) येथे सरकले. पुढे २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने फुझौच्या या पद्धतीस जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशात स्थान दिले. २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीची नोंद झाली, तीत फुझौचे हे कौशल्यही आहे. गौरवाने कौशल्य टिकण्यास साहाय्य होते. पण गेलेली गाळाची जमीन त्याने परत येत नाही.

वैद्यवर्गाने यातून बोध घ्यावा. सुगंधी पुष्पांसाठी आपण फांट व हिम या कल्पना योजतो, पण फूल कोठून आले हे क्वचितच विचारतो. हार-गजऱ्यांच्या बाजारातील, कीटकनाशके फवारलेले फूल औषधास योग्य नव्हे. आपल्या गावाजवळच्या फूल-उत्पादकाशी थेट संबंध ठेवून, फवारणीविरहित फुलांसाठी त्यास रास्त मोल देणे हे आपल्या हाती आहे. मळा परवडला तरच शेतकरी तो राखील, आणि मळा राहिला तरच ग्रंथातील पुष्पवर्ग चिकित्सेत राहील.