इमारतीखालील जमीन कोणाच्या नावावर?

अंबरनाथ तालुक्यातील बेलवली हे गाव आज कुळगाव-बदलापूर नगर परिषदेच्या हद्दीत आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण महानगरपालिकेत हा सर्व परिसर समाविष्ट होता. १९९२ मध्ये तो वेगळा काढण्यात येऊन येथे स्वतंत्र नगर परिषद आली. रेल्वेमार्गालगतच्या अशा गावांत भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. जमीन शेतकऱ्याची, बांधकाम विकासकाचे आणि घर मुंबईस नोकरीसाठी जाणाऱ्या कुटुंबाचे, असा हा तीन पक्षांमधील व्यवहार असतो. सदनिकाधारक करारनामा नोंदवितो, मुद्रांक शुल्क भरतो, पुढे कर्जाचे हप्तेही फेडतो. तथापि, कुतूहल म्हणून इमारतीच्या जमिनीचा सातबारा उतारा काढावा, तर त्यावर पुष्कळदा मूळ शेतकऱ्याचे अथवा त्याच्या वारसांचेच नाव आढळते.

यात तलाठ्याची चूक नसते. सदनिकेचा करारनामा हे जमिनीचे खरेदीखत नव्हे. इमारत व तिच्याखालील जमीन संस्थेच्या नावे करून देणारा निराळा दस्तऐवज व्हावा लागतो आणि तो झाल्यावाचून अधिकार अभिलेखात बदल होत नाही. हा दस्त राहून गेल्याची उणीव सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षे कोणास जाणवत नाही. इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाचा विचार सुरू झाला, किंवा रस्तारुंदीकरणासाठी काही जमीन संपादित होऊ लागली, म्हणजे प्रश्न उभा राहतो. नोटीस अभिलेखात ज्याचे नाव आहे त्याच्याकडे जाते. दरम्यान विकासकाने कार्यालय हलविलेले असते आणि मूळ मालकाच्या वारसांची संख्या वाढलेली असते.

महाराष्ट्र सदनिका मालकी हक्क अधिनियम, १९६३ (ज्यास ‘मोफा’ म्हणून ओळखले जाते) याने हे कर्तव्य विकासकावर प्रथमपासूनच टाकले आहे. कलम १० अन्वये त्याने सदनिकाधारकांची सहकारी संस्था स्थापन करावयाची आणि कलम ११ अन्वये जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावयाची. करारात मुदत ठरलेली नसेल, तर संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत हे व्हावे, असे नियम सांगतात. कसूर करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षाही कलम १३ मध्ये आहे. परंतु विकासकास शिक्षा झाली तरी जमीन संस्थेच्या नावे होत नाही, ही या व्यवस्थेतील खरी अडचण होती. दस्तावर सही करणाराच सापडत नसेल, तर संस्थेपुढे दिवाणी न्यायालयाचा लांबचा मार्ग उरे.

२००८ च्या सुधारणेने ही अडचण दूर केली. विकासक सही करीत नसल्यास संस्थेने जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे सक्षम प्राधिकारी म्हणून अर्ज करावा. त्यांनी कागदपत्रे तपासून, विकासकास म्हणणे मांडण्याची संधी देऊन, एकतर्फी हस्तांतरणास प्रकरण योग्य असल्याचे प्रमाणपत्र द्यावे, अशी तरतूद झाली. यासाठी सहा महिन्यांची मर्यादा अधिनियमातच घातली आहे. यालाच ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणतात. हा शब्द उच्चारण्यास इतका अवघड आहे की, सोसायट्यांच्या सभांत सर्वजण ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ असेच म्हणतात.

बेलवलीतील संस्थेस हा अर्ज ठाणे जिल्ह्याच्या उपनिबंधकांकडे करावा लागेल. तो नमुना ७ मध्ये करावयाचा असून त्यावर २,००० रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लागतो. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सदनिकांचे नोंदणीकृत करारनामे, सातबारा उतारा किंवा मिळकतपत्रिका, मंजूर नकाशा आणि विकासकास दिलेली नोटीस ही त्यातील प्रमुख कागदपत्रे होत. भोगवटा प्रमाणपत्राअभावी पूर्वी अनेक अर्ज अडत. २०१८ च्या शासन निर्णयाने याबाबत संस्थेच्या स्वयंघोषणापत्राची सवलत दिली. मात्र, त्यामुळे अनधिकृत बांधकाम अधिकृत ठरत नाही. ते दोन स्वतंत्र विषय आहेत.

जमीनमालकाच्या बाजूचाही येथे विचार केला पाहिजे. समजा, एका सर्वे क्रमांकावर तीन इमारती उभ्या आहेत आणि चौथ्या भागात मालकाची मोकळी जमीन आहे. पहिल्या इमारतीच्या संस्थेने अर्ज केला, तर तिला किती क्षेत्र मिळावे? करारनाम्यात जे देऊ केले असेल तेवढेच. त्याहून अधिक देण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्यास नाही, असे उच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. म्हणून मंजूर नकाशा व वास्तुविशारदाचा क्षेत्राबाबतचा दाखला यांकडे संस्थेने विशेष लक्ष द्यावे. बहुतेक वाद याच ठिकाणी निर्माण होतात आणि पुष्कळदा ते मूळ करारनामा कोणीही नीट न वाचल्यामुळे झालेले असतात.

सर्वोच्च न्यायालयाने एव्हॉन आर्केड या संस्थेच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये दिलेला निर्णय या दृष्टीने मालक, संस्था व वकील या तिघांनाही उपयुक्त आहे. सक्षम प्राधिकाऱ्याची चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असली तरी आदेश सकारण असला पाहिजे. त्या आदेशाने मालकीचा अंतिम निवाडा होत नाही, आपला हक्क डावलला गेला असे मानणारा मालक दिवाणी दावा करू शकतो. आणि उघड बेकायदेशीरपणा असल्याखेरीज उच्च न्यायालयाने रिट अधिकारात अशा आदेशात हस्तक्षेप करू नये, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मालकाचे दार बंद झालेले नाही. केवळ तक्रार प्रलंबित आहे एवढ्यावरून संस्थेस वर्षानुवर्षे थोपवून धरणे मात्र कठीण झाले आहे.

१ मे २०१७ पासून महाराष्ट्रात स्थावर संपदा अधिनियमाखालील प्राधिकरण, म्हणजे ‘महारेरा’, कार्यरत आहे. त्याच्याकडे नोंदलेल्या प्रकल्पांत हस्तांतरणाचे बंधन त्या अधिनियमान्वयेही येते. जुन्या इमारतींना मोफाचाच आधार घ्यावा लागतो.

प्रमाणपत्र हाती पडले की काम झाले, असा समज अनेक संस्थांच्या कार्यकारिणीत दिसतो. तो चुकीचा आहे. दस्ताच्या मसुद्यावरील मुद्रांक शुल्क मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून निश्चित करून घ्यावे लागते. सभासदांनी आपापल्या करारनाम्यांवर भरलेल्या शुल्काची वजावट तेथे मिळते. ज्या सभासदाने ते भरले नसेल त्याचा प्रश्न मात्र याच टप्प्यावर पुढे येतो. त्यानंतर दुय्यम निबंधकाकडे दस्ताची नोंदणी होते. नोंदणीनंतर तलाठी फेरफार नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस देतो आणि पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. हरकत आल्यास सुनावणी होते. फेरफार प्रमाणित झाल्यावर काढलेल्या नव्या उताऱ्यावर संस्थेचे नाव व क्षेत्र बरोबर आले आहे की नाही, हे सचिवांनी स्वतः पडताळावे. चूक असल्यास दुरुस्तीचा अर्ज तेव्हाच करणे सोपे जाते.