दिवसभर घर बंद, रात्री मटण बर्गर

दापोडे, मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ ही भिवंडी तालुक्यातली गावं आता भातशेतीपेक्षा गोदामांमुळे ओळखली जातात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर पण शहराला लागून जागा मिळत होती, म्हणून माल इथे उतरू लागला. १ जुलै २०१७ ला जकात गेली, पण गोदामं राहिली आणि वाढली. माल निवडणं, स्कॅन करणं, खोकी बांधणं या कामांवर बायकाही असतात. नऊ तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर नवराबायको दोघं कामावर असलेलं घर दहा-अकरा तास बंद राहतं. अशा घरात आठवड्याच्या मधल्या दिवशी मुलांना बर्गर हवा असेल, तर स्लो कुकर उपयोगी पडतो. मात्र त्यात काय शिजवायचं, हे नीट ठरवावं लागतं.

या यंत्राचा जन्मच बंद चुलीतून झाला. शिकागोच्या अर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. ज्यूंच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, चूल पेटवायची नाही, म्हणून लिथुआनियातल्या त्यांच्या आजोळी शुक्रवारी कडधान्य-मांसाचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवत आणि ते रात्रभर निवांत शिजे. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून त्यांना कल्पना सुचली. १९७१ मध्ये नॅक्सन यांचं यंत्र क्रॉक-पॉट या नावाने अमेरिकी बाजारात आलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं.

रचना साधी आहे. चिनी मातीच्या जाड भांड्याभोवती विजेची तार असते आणि वर झाकण. आतलं अन्न हळूहळू शंभर अंशांच्या आसपास पोचतं, त्यापुढे जात नाही. बर्गरची पॅटी इथेच फसते. मांसाला खमंग तपकिरी कड यायला सुमारे १४० अंशांची कोरडी उष्णता लागते. वाफेने भरलेल्या भांड्यात पॅटी करडी आणि ओलसर होते. खिम्याचंही अवघड आहे. तो चार-पाच तासांत होतो, नऊ तास ठेवला तर रवाळ आणि कोरडा लागतो. मटणाचे तुकडे मात्र या वेळेसाठीच आहेत असं मला वाटतं. खांद्याच्या किंवा मांडीच्या मांसातले चिवट धागे कित्येक तासांच्या मंद आचेवर विरघळतात आणि मांस काट्याने सुटतं. बर्गरमध्ये हेच भरावं.

आदल्या रात्री चार कांदे आलं-लसणावर परतून हळद, मीठ, दोन टोमॅटो आणि घरचा आगरी मसाला घालावा आणि हे वाटण थंड करून फ्रीजमध्ये ठेवावं. सकाळी एक किलो बोनलेस मटण तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल करावं. खमंगपणा इथेच येतो, ही पायरी टाळू नये. मग गरम केलेलं वाटण, मटण आणि अर्धी वाटी गरम पाणी भांड्यात घालून ‘लो’वर आठ तास लावावं. वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे जास्त पाणी नको. वेळ संपल्यावर आपोआप ‘वॉर्म’वर जाणारं मॉडेल घ्यावं. रात्री मांस दोन काट्यांनी सुटं करायचं, रस कढईत आटवून परत मिसळायचा आणि वर लिंबू पिळायचं. बेकरीचा पाव किंवा बन लोण्यावर भाजला की जेवण तयार.

प्रेशर कुकरमध्ये हेच मटण पाऊण तासात शिजतं, हे खरं. स्लो कुकर श्रम कमी करत नाही, ते संध्याकाळवरून आदल्या रात्रीवर आणि सकाळवर ढकलतो. ते दोन्ही वेळचे श्रम एकट्या बाईच्या वाट्याला आले, तर यंत्र आणून काहीच साधलं नाही. रात्रीचं वाटण एकाने आणि सकाळचा तवा दुसऱ्याने सांभाळला, तरच ती पाळीवरून येऊन थेट जेवायला बसू शकते.

वीज फार लागत नाही. २०० वॅटचा कुकर आठ तासांत फार तर दीड-पावणेदोन युनिट घेतो. काळजी वीज जाण्याची घ्यावी. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. घरी कुणी नसताना वीज किती वेळ गेली होती हे कळत नसेल, तर अन्न शिजलेलं दिसलं तरी टाकून द्यावं. बर्फ झालेलं मटण थेट भांड्यात घालू नये, ते रात्रभर फ्रीजमध्ये मऊ होऊ द्यावं.

मटण न खाणाऱ्यांना राजमा सुचतो. इथे जास्त सावध राहायला हवं. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही, उलट अर्धवट तापल्याने त्रास वाढू शकतो आणि काही तासांत जोरदार उलट्या होतात. राजमा रात्रभर भिजवून पाणी फेकावं, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा.

उरलेलं सारण लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवावं. ते स्लो कुकरमध्ये परत गरम करू नये, कढईत उकळी आणावी. दुसऱ्या दिवशीच्या डब्यात ते तांदळाच्या भाकरीबरोबर बर्गरपेक्षाही छान लागतं.