आमच्या मोटारीचे नाक

मोटारीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पेट्रोल किती खाते हो?" ती हवा किती खाते, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे मोटारीच्या ताटात हवा हा भात, आणि पेट्रोल हे नुसते तोंडी लावणे! एक लिटरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल आणि पेडल पुरते दाबलेले असेल, तर ते मिनिटाला हजार-बाराशे लिटर हवा ओढते. तुम्ही-आम्ही आरामखुर्चीत बसून मिनिटाला सहा-सात लिटरांवर भागवतो. पण हवा फुकट मिळते, आणि फुकटच्या मालाची चौकशी करतो कोण?

ती चौकशी करण्याची वेळ आमच्यावर आणली ती आमच्या वडिलांच्या दुखण्याने. आम्ही राहतो मुरुडला, जंजिऱ्याच्या मुरुडला. तात्यांचे वय चौऱ्याऐंशी, हृदय जरा नाजूक, आणि दर पंधरा दिवसांनी त्यांना अलिबागच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. नांदगाव, काशीद, बोर्ली, कोर्लई, मग साळावचा पूल ओलांडून रेवदंडा, चौल, नागाव असा हा सुमारे ५० किलोमीटरांचा रस्ता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर. पाहुण्यांना तो स्वर्ग वाटतो. आमच्या जुन्या, कार्बुरेटरच्या गाडीला मात्र काशीदच्या आसपासची वळणावळणाची चढण यमपुरीसारखी वाटे. वैशाखातल्या दुपारी ती दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकी, इंजिनातून ठणठण आवाज येई, आणि मागे एस.टी. हॉर्न वाजवीत उभी! तात्या छातीवर हात ठेवून म्हणत, "अरे, हिला माझ्याहून जास्त दम लागतो. आधी हिलाच डॉक्टरला दाखव!"

विनोद ठीक होता. पण भर उन्हात, सावली नसलेल्या चढणीवर, एका हृदयरोग्याला घेऊन गाडी बंद पडली तर काय, हा विचार माझी आणि सौभाग्यवतींची झोप उडवीत असे.

गॅरेजवाल्याने प्लग पाहिले, रेडिएटर पाहिला, कार्बुरेटर धुतला. सगळे ठीक होते. दुखणे सापडले ते शेजारच्या बंड्याला. हा मुलगा डिप्लोमाला शिकतो. त्याने लांब वायरीच्या टोकाला नळी असलेला एक थर्मामीटर आणला आणि ती नळी एअर फिल्टरच्या तोंडाशी बांधून आम्ही काशीदला जाऊन आलो. बाहेर ३३ अंश तापमान होते, आणि चढणीवर इंजिन जी हवा ओढीत होते ती ६० अंशांची! फिल्टरपासून पुढच्या जाळीपर्यंत जाणारा नळा खाऱ्या हवेने कुजून केव्हाच गळून पडला होता. त्यामुळे बिचारी गाडी बॉनेटखालची, रेडिएटरने तापवलेली हवा घेत होती. चुलीवर वाकून बसलेल्या माणसाने धुरातच श्वास घ्यावा, तसा प्रकार! नवा नळा कोठे मिळेना. तेव्हा तो घरीच करायचे ठरले.

आता गार हवेचे एवढे कौतुक का? मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, तेव्हा थोडे फळ्यावरचे सांगतो. हवा तापली की पसरते. म्हणून तेवढ्याच जागेत ती वजनाने कमी मावते. ६० अंशांच्या हवेऐवजी ३३ अंशांची हवा मिळाली, तर तेवढ्याच लिटरात सुमारे नऊ टक्के जास्त हवा येते. शिवाय तापलेल्या हवेने सिलिंडरातले मिश्रण अवेळी भडकते. तीच ती ठणठण. कोकणात आणखी एक भानगड आहे. आमच्या दमट हवेत, घाम फुटणाऱ्या दिवशी, दर शंभर भागांत तीन-साडेतीन भाग नुसती वाफ असते, आणि वाफेने काही पेट्रोल जळत नाही. पण समुद्र तेवढे नुकसान भरूनही देतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथला हवेचा दाब आमच्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. तेव्हा पुण्याच्या पाहुण्यांनी आमच्या उकाड्याला नावे ठेवावीत, पण त्यांच्या गाड्यांनी ठेवू नयेत!

बंड्याने बेत मांडला. "काका, पाण्याची पीव्हीसी पाइप घेऊ. तोंड खाली, बंपरच्या मागे सोडू. रस्त्यालगतची हवा गार असते. फोटोंत सगळे तसेच करतात."

पीव्हीसीला सौभाग्यवतींनीच नकार दिला. "गरम पाण्याने आपली मोरीची पाइप वाकली होती, आठवते ना?" त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. सत्तर-ऐंशी अंशांना साधे पीव्हीसी मऊ पडते, आणि एक्झॉस्टजवळ त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून जाड, वळ्यांचा रबरी नळा आणला, फिल्टरच्या तोंडाएवढाच रुंद. नळा अरुंद झाला तर गार हवेचा फायदा तिथेच संपतो. गोडेतेलाचा पंधरा किलोंचा रिकामा डबा घरात होताच. पत्रेवाल्याकडून तो कापून, कडा दुमडून, डाख देऊन त्याची एक पेटी आणि एक आडोसा करून घेतला. आडोसा इंजिनाची धग अडवायला. पत्र्याच्या कडांना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे खडखड नको आणि नळा चिरायला नको. पंखा आणि पट्टा यांपासून नळा चार बोटे दूर बांधला. तोंडाला मोठ्या भोकांची जाळी बसवली, कारण वाडीतल्या उंदरांना असली भोके फार आवडतात. मुख्य म्हणजे कंपनीचा कागदी फिल्टर आम्ही काढला नाही आणि जे काही केले ते फिल्टरच्या अलीकडे. एखादा स्क्रू सुटलाच, तर तो फिल्टरपाशी अडेल, इंजिनाच्या पोटात जाणार नाही. किनाऱ्यावरची वाळू ज्यांनी पोह्यांत खाल्ली आहे, त्यांना फिल्टरचे महत्त्व सांगायला नको.

राहिला प्रश्न तोंडाचा. बंड्या 'खाली'वर अडून बसला होता. अशा वेळी एकदऱ्याचे एक वयस्क कोळी मेस्त्री आले. त्यांचा जन्म होड्यांची इंजिने दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी पेटी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "मास्तर, ही गाडी आषाढात घरात ठेवणार का?"

"छे! तात्यांना न्यावे लागणारच."

"मग तोंड वर घ्या. आणि पेटीच्या बुडाला भोक पाडा. पाणी आत यायचे ते येणारच. त्याला जायची वाट ठेवा."

होडीवर जन्म काढलेल्या माणसाचा हा सल्ला जगाच्या दुसऱ्या टोकालाही मान्य आहे. १९३० साली अमेरिकेत पाण्यात उतरलेल्या 'डोरेड' नावाच्या शर्यतीच्या शिडाच्या नावेवर हीच युक्ती होती : हवा भोंग्यातून एका पेटीत यायची, लाटेचे पाणी पेटीच्या बुडाशी असलेल्या भोकातून वाहून जायचे, आणि कोरडी हवा दुसऱ्या, उंच नळीने खालच्या खोलीत उतरायची. अशा पेटीला शिडाच्या नावांवर अजूनही 'डोरेड' म्हणतात.

पाण्याची एवढी भीती कशासाठी? हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एक लिटरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात दट्ट्या वर आला की त्याच्या डोक्यावर जेमतेम तीस घनसेंटिमीटर जागा उरते. म्हणजे दोन मोठे चमचे! त्याहून जास्त पाणी आत गेले की दट्ट्या वाटेत अडतो, आणि त्याला ढकलणारा दांडा वाकतो. मग दुरुस्तीचे बिल पाहून मालकही वाकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी बुडालेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको.

तेव्हा तोंड वर घेतले : हेडलाइटच्या मागे, बंपरच्या पुष्कळ वर, पुढच्या जाळीतून बाहेरची हवा मिळेल असे. पेटीच्या बुडाला करंगळीएवढे भोक पाडले. बंड्याने तोंड वाकडे केले, पण कामात कसूर केली नाही.

पुन्हा थर्मामीटर बांधून काशीद गाठले. बाहेर तेच ३३. फिल्टरपाशी आता ३८. हिशेबाने सुमारे सात टक्के जास्त हवा. गार, दाट हवेने मिश्रण थोडे पातळ होते, म्हणून प्लग काढून पाहिले. रंग चांगला तपकिरी होता, कार्बुरेटर किंचित जुळवून घेतला. ठणठण बंद झाली. चढण दुसऱ्या गिअरमध्ये, न कुरकुरता पार पडली. आता जो कोणी सांगेल की अशा नळ्याने गाडी विमान होते, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सपाट रस्त्यावर आम्हाला काडीचाही फरक जाणवला नाही, आणि पेट्रोलचा खर्चही तेवढाच राहिला. जे मिळाले ते चढणीवर, उन्हात, पेडल दाबलेले असताना. आम्हाला नेमके तिथेच हवे होते.

जुलैत तात्यांची तारीख आली आणि पावसाने जोर धरला. वाटेत एका सखल जागी शेतातले पाणी रस्त्यावरून वाहत होते. आमच्या पुढची एक नवी, खालच्या तोंडाचा नळा हौसेने बसवलेली गाडी फसकन आत गेली आणि मधोमध बंद पडली. तिचा तरुण मालक पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू लागला. बंड्या आमच्याबरोबर होता, तो खिडकीतून ओरडला, "दादा, चावी फिरवू नका! आत पाणी असेल तर दांडा वाकेल!" मग गुडघाभर पाण्यात उतरून दोघांतिघांनी ती गाडी ढकलून बाहेर काढली. आमचे तोंड उंच होते. तरीही आम्ही पाण्यात गाडी घातली नाही. तासभर थांबलो, तात्यांना थर्मासमधला चहा दिला, पाणी उतरल्यावर पुढे गेलो. उंच नाक हे पोहण्याचा परवाना नव्हे. परत येताना बंड्या म्हणाला, "काका, मेस्त्रींना भेटायला हवे."

वाचकांपैकी कोणाला हुरूप आला असेल तर दोन शब्द. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांना कंपनीने बाहेरची गार हवा घेणारा नळा बहुधा दिलेलाच असतो. तो जागेवर आहे ना, फाटला नाही ना, एवढेच पाहा. घरचे प्रयोग तिथे करू नका. तेल लावलेले फिल्टर बसवले तर हवा मोजणारा नाजूक सेन्सर मळू शकतो, आणि वॉरंटीवर पाणी पडू शकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार करायला मनाई आहे. म्हणून मोठा बदल करण्याआधी आर.टी.ओ.त आणि विमा कंपनीत विचारून घ्यावे.

जुनी गाडी असेल, तर या दिवाळीत माळ्यावरचा पसारा काढताना पाच मिनिटे बॉनेटही उघडा. इंजिन हवा कोठून घेते ते बोटाने चाचपून पाहा. नळा गळला असेल तर बसवा, जाळीत पाने अडकली असतील तर काढा, फिल्टर काळा झाला असेल तर बदला. खर्च फराळाच्या एका डब्याएवढाही येणार नाही. आणि घरात एखादे तात्या असतील, तर चढणीवर त्यांना छातीवर हात ठेवावा लागणार नाही.