मेंदी केसांवर का टिकते?

केळशीसारख्या कोकणातल्या गावात परसातली मेंदी वाटून केसांना लावतात. पाला हिरवा, मग केस तांबूस कसे? पाला वाटून भिजवला की त्यातून लॉसोन हे नारिंगी-तांबडं रंगद्रव्य सुटतं. ते केसांतल्या केरॅटिन या प्रथिनाशी जोडलं जातं, म्हणून सहज धुऊन जात नाही.

पडताळून पाहू या. मेंदीच्या लगद्यात पांढरी लोकर आणि सुती दोरा रात्रभर ठेवून धुऊ. लोकरही केरॅटिनचीच, ती गडद रंगते. सुतात प्रथिन नाही. ते फिकं राहतं.

नुसत्या मेंदीने केस काळे होत नाहीत. तासाभरात काळं करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पॅरा-फिनिलीनडायअमीन मिसळलेलं असतं. त्याने काहींना तीव्र अ‍ॅलर्जी होते. तेव्हा ‘नैसर्गिक’ या शब्दावर न थांबता पुडीवरचे घटकही वाचू या.