सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

सेल्फ जोमाने फिरतो, इंजिनही फिरते, पण गाडी चालू होत नाही. पेट्रोल मोटारीत अशा वेळी बॅटरी बदलण्याची घाई करू नये. सेल्फला जोर आहे, म्हणजे बॅटरीने आपले काम केले आहे. प्रश्न उरतो तो पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशनचा.

आधी कान लावावा. सेल्फ न मारता इग्निशन चालू केले की बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू येते. ती आली नाही, तर प्रथम फ्यूज आणि रिले तपासावेत. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायरही इथेच सापडते. घरघर आली तरी दाब पुरेसा आहे असे धरू नये; तो गेजनेच मोजावा लागतो.

मग नजर डॅशबोर्डवर. किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून पाहावी. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का, हेही पाहावे. तो शून्यावरच चिकटून राहिला, तर संशय क्रँक सेन्सरवर जातो. क्रँकशाफ्टसोबत फिरणाऱ्या चाकाचे दाते हा सेन्सर मोजतो. अनेक इंजिनांत हे चाक 60 दात्यांचे असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. त्या फटीवरून पिस्टन कुठे आहे ते ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळते. हा इशारा थांबला की ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम बंद होतात. पुष्कळदा हा सेन्सर तापल्यावरच दगा देतो. घाटात बंद पडलेली गाडी अर्ध्या तासाने मुकाट चालू होते आणि गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. स्कॅनरवर पी0335 हा कोड दिसला तर शोध सोपा होतो. पण कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही.

प्लग काढल्यावर पेट्रोलने ओला निघाला, तर पेट्रोल पोहोचते आहे पण जळत नाही. ठिणगी टेस्टरनेच पाहावी. कॉइलची वायर हातात धरणे जिवावर बेतू शकते.

सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका आणि सलग येऊ लागला, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी आणि सेल्फ मारणे तिथेच थांबवावे. अनेक इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर सेल्फ एकदाही मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. त्यापायी कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिन उघडावेच लागते.