मताच्या आधी राज्यशास्त्र

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एकच चर्चा सुरू होते. सायन्स मिळेल का? नाही तर कॉमर्स? तेही नाही जमले तर आर्ट्स आहेच! आणि आर्ट्समध्ये राज्यशास्त्र घेतले म्हणजे पोरगा वाया गेला. ज्या समाजाच्या उद्धारकर्त्याने या देशाचे संविधान घडविले, त्याच समाजाने राज्यकारभाराचे शास्त्र कमी गुणवाल्यांच्या पदरात टाकावे, हे कोणत्या शहाणपणाचे लक्षण?

शाळेत हा विषय मिळतो तरी किती? दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एकच प्रश्नपत्रिका. संविधानाची वाटचाल, निवडणूक, पक्ष, चळवळी ही प्रकरणे मुले पाठ करतात, लिहितात आणि विसरतात. २०२० मध्ये राज्य शासनाने शाळांमध्ये प्रास्ताविकेचे सामूहिक वाचन सक्तीचे केले. त्याचे स्वागतच आहे. पण मुखोद्गत होणे म्हणजे समजणे नव्हे. घोकंपट्टी हा पोथीचा मार्ग आहे, संविधानाचा नाही.

सायन्स-कॉमर्सला गेलेल्या बहुतेक मुलामुलींची या विषयाशी गाठ दहावीलाच सुटते. इकडे १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आलेले. म्हणजे बारावीच्या बाकावरच उद्याचा मतदार बसलेला असतो. २१ पूर्ण होताच तो ग्रामपंचायतही लढवू शकतो. ग्रामसभेचे अधिकार त्याला कोण सांगणार?

वकिली करताना हे अज्ञान रोज दिसते. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, हे पदवीधरालाही ठाऊक नसते. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये, असे १९९५ चे नियम सांगतात. पण हे माहीत नसलेला फिर्यादी ठाण्यात जे सांगतील त्यावर मान डोलावून परत येतो. हक्क कागदावर राहतो आणि अन्याय दारात येतो.

संविधानिक नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते. म्हणूनच १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ती फार काळ चालली नाही. राजकारण हे घोषणांचे नव्हे, अभ्यासाचे काम आहे, हा तिचा धडा मात्र आपण गमावून बसलो.

डॉक्टर, इंजिनिअर जरूर व्हा. पण ज्याला राज्यशास्त्राची ओढ आहे त्याला पालकांनी अडवू नये. बारावीनंतर पाच वर्षांच्या कायदा शिक्षणाचा रस्ता त्याला खुला आहे. इतरांसाठी बुद्धविहारात आठवड्यातून एक तास ठेवा. गावच्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक समोर घ्या, माहितीचा अर्ज लिहायला शिकवा, मतदार यादीत नाव शोधायला लावा. जयंतीच्या वर्गणीतला थोडा पैसा यासाठी काढला तर बाबासाहेबांना तेच खरे अभिवादन ठरेल.

मत विकत घेणारा दारात येण्याआधी मताचा अर्थ मुलांपर्यंत पोहोचला पाहिजे.